सहदेव उतेकराचं नाक

कुणाचाही विश्वास बसणार नाही, पण पोलादपूरचा सहदेव उतेकर नाकाने हॉटेल निवडायचा. शहरात शिरलं की गाडी बाजूला लावायची, हॉटेलच्या दारात उभं राहून एकदाच श्वास ओढायचा आणि वळून सांगायचं, "उतरा." नाहीतर, "चला पुढं." महाडच्या बाजारात त्याच्या नाकाबद्दल जे बोललं जायचं, त्यातलं निम्मं सोडून दिलं तरी उरलेलं पचायला जड होतं. साताऱ्यात एका हॉटेलच्या मालकाला त्याने पायरीवरूनच सांगितलं होतं, की तुमच्या तांदळाच्या पोत्याखाली उंदीर मेलाय. पोतं उचललं तर खरंच उंदीर. कोल्हापुरात नुसत्या रश्श्याच्या वासावरून त्याने ओळखलं होतं, की आचारी आज बायकोशी भांडून आलाय. आचारी रडत बाहेर आला होता म्हणे.

आज मात्र पुण्यात, कॅम्पातल्या एका हॉटेलच्या दारात सहदेवने छाती भरून श्वास ओढला आणि त्याला कसलाच वास आला नाही. तुपाचा नाही, मटणाचा नाही, गटाराचासुद्धा नाही. शेजारच्या भिंतीला नाक लावलं असतं तरी हेच. मागे मिनीबसमध्ये सहा भुकेली माणसं त्याच्या पाठीकडे डोळे लावून बसली होती आणि डिसेंबर असून त्याचा सदरा पाठीला चिकटला होता.

दोन हजार तीन सालची गोष्ट. दरवर्षी भाताची झोडणी उरकली, की महाडचे वखारवाले अजमलसेठ स्वतःच्या मिनीबसमधून दोस्तमंडळींना एखाद्या शहरात घेऊन जात. लोक देवदर्शनाला जातात, कपडे घ्यायला जातात. ही मंडळी फक्त जेवायला जात. जेवायचं, ढेकर द्यायचा आणि परत फिरायचं. यंदा सेठची म्हातारी आई खैरुनबी पहिल्यांदाच आली होती. तिच्या हातची बिर्याणी खाल्लेली माणसं दुसऱ्या कुणाच्या बिर्याणीला नाव ठेवल्याशिवाय राहत नसत, म्हणून सगळे तिला थोडे भिऊन होते. बाकी कोर्टातले हर्षद वकील आणि बाजारातली आणखी तीन खाणारी माणसं. हॉटेल निवडायचं काम नेहमीप्रमाणे ड्रायव्हरचं.

आणि ड्रायव्हरचं नाक भादव्यातच गेलं होतं. साधा ताप आला, सर्दी झाली. ताप उतरला, सर्दी गेली आणि जाताना वास घेऊन गेली. सहदेवला आधी कळलंच नाही. एक दिवस तो चुलीशेजारी बसून चपलेला खिळा ठोकत होता आणि त्याची बायको आनंदीबाई अंगणातून धावत आत आली. दूध उतू जाऊन करपून कोळसा झालं होतं. तिने पातेलं उतरवलं, नवऱ्याकडे पाहिलं आणि त्याच्यासमोर खाली बसली. रात्री म्हणाली, "अवो, सेठला सांगा. घाटात लोकांचा जीव हाय तुमच्या हातात."

"सांगितलं तर उद्यापासनं गाडीला दुसरा डायवर," सहदेव म्हणाला. "मंग मी काय करू? गाडी धुवू?"

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. घाटात उतरताना ब्रेक तापला, की आधी वास येतो. लायनर जळल्याचा तो कडवट वास आला, की शहाणा ड्रायव्हर गाडी थांबवतो, चाकं गार होऊ देतो. वास कळला नाही तर पायाला कळतं. पण पायाला कळेपर्यंत ब्रेक धरेनासा झालेला असतो आणि बाजूला दरी असते. अजमलसेठ चारचौघांत सांगत, सहदेवचं नाक हाय म्हणून मी घाटात झोपतो.

सांगायचं तर होतंच, पण आज नको, ही खेप होऊ दे, असं म्हणता म्हणता चार महिने गेले. त्या चार महिन्यांत सहदेवने एक युक्ती शोधून काढली. गाडीतला आरसा त्याने इतका तिरका केला, की त्याला रस्ता नाही, पॅसेंजरांची तोंडं दिसावीत. घाटात कुणी नाक मुरडलं, कुणी रुमाल काढला, की सहदेवला लगेच लघवीला लागायची. गाडी थांबवायची, आडोशाला जायचं सोंग करायचं आणि चाकाजवळ हात नेऊन बघायचा. दुसऱ्यांच्या नाकावर त्याचं चाललं होतं.

हॉटेलांचंही तसंच करायचं त्याने ठरवलं होतं. म्हणून त्याने मागे वळून अजमलसेठना हाक मारली, सेठ, जरा खाली या, हवा बघा. सेठना हा मान वाटला. ते छाती काढून शेजारी येऊन उभे राहिले. सहदेवने डोळे अर्धे मिटले आणि उरलेल्या अर्ध्या डोळ्यांनी सेठच्या नाकपुड्या पाहिल्या. त्या जरा आत ओढल्या गेल्या.

"चला पुढं," सहदेव म्हणाला.

दुसऱ्या हॉटेलशी घोटाळा झाला. सेठच्या गळ्याची गाठ खालीवर झाली, म्हणजे त्यांच्या तोंडाला पाणी सुटलं होतं. पण खिडकीत बसलेल्या खैरुनबीच्या कपाळाला आठी. कुणाचं तोंड खरं धरायचं? सहदेव एकदा इकडे बघे, एकदा तिकडे. हर्षद वकील आतून म्हणाले, "सहदेव, आज निकाल राखून ठेवलाय का?" सगळे हसले. सहदेवही हसला, आणि हसताना त्याच्या लक्षात आलं, की खैरुनबी हसत नाहीये. ती आठी घालून हॉटेलकडे बघत नव्हती. त्याच्याकडे बघत होती.

"चला पुढं," तो घाईने म्हणाला.

तिसरं हॉटेल एका बोळात होतं, अरुंद, आत चारच टेबलं. तिथे मात्र सगळ्यांचे गळे एकदम हलले. तीन खाणाऱ्यांपैकी एकाने तर सहदेवची वाट न बघता गाडीचं दारच उघडलं. "उतरा," सहदेव म्हणाला.

बिर्याणी आली, कबाब आले, पायाचा रस्सा आला. सगळे मान खाली घालून जेवत होते. सहदेवच्या तोंडात मात्र मीठ आणि तिखट तेवढं होतं, बाकी ओल्या पुठ्ठ्यासारखं काहीतरी तो चावत होता. वकिलांनी विचारलं, कसं काय? तो म्हणाला, कोथिंबीर आजची हाय. ती डोळ्यांना दिसत होती.

खैरुनबीने त्याच्या ताटात स्वतःच्या हाताने बिर्याणी वाढली आणि सहज विचारावं तसं विचारलं, "केवडा घातलाय का रे यात?"

हो म्हणावं का नाही? त्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं. त्या सुरकुत्यांत काही म्हणजे काही लिहिलेलं नव्हतं.

"हाय की चाची. बेतानं घातलाय."

"बरं," म्हातारी म्हणाली आणि पुन्हा जेवू लागली.

परतीच्या वाटेवर भोर मागे पडलं, धरणाचं पाणी संपलं आणि वरंधा घाटाचं तोंड आलं. सहदेवने टपरीपाशी गाडी हळू केली, चहा घेऊ या म्हणाला, भजी घेऊ या म्हणाला. सेठ डोळे न उघडता म्हणाले, पोटात चहाच्या पेल्याएवढीसुद्धा जागा नाय, चल खाली. त्याने दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा उत्तर म्हणून घोरणं ऐकू आलं.

घाट सुरू झाला आणि सहदेवने आरशात पाहिलं.

तोंडं होती, पण त्यांचा काही उपयोग नव्हता. सेठची मान खांद्यावर, वकिलांचं तोंड उघडं, तिघे खाणारे एकमेकांवर रेललेले. आयुष्यात निवडलं नसेल इतकं झकास हॉटेल त्याने आज निवडलं होतं, आणि त्या जेवणाने सगळी नाकं झोपवली होती. खैरुनबी मागच्या कोपऱ्यात, डोक्यावरून पदर, जागी का झोपलेली ते कळत नव्हतं.

वळणावळणाला पुढे एक खडीचा ट्रक रांगत होता. त्याला ओलांडायला जागा नाही. सहदेवने गाडी दुसऱ्या गियरात टाकली तरी पाय ब्रेकवरून उचलता येईना. डाव्या हाताला दरी, खाली माझेरीची घरं काड्यापेट्यांएवढी. त्याने उगाच श्वास ओढला. पुन्हा ओढला. काही नाही. चाकं पेटली असती तरी त्याच्या नाकाला गार हवाच लागली असती. हँडल त्याच्या तळव्यांत निसटू लागलं.

या लोकांना जागं ठेवायला हवं होतं. हॉर्न वाजवला, सेठनी कूस बदलली. मग उभ्या जन्मात गाडी चालवताना न बोललेला सहदेव मोठ्याने बोलू लागला.

"सेठ, ऐकताव का? तुमाला पटायचं नाय. याच घाटात, धुक्यात, म्होरं एष्टी चाललेली. मला दिसत नाय, ऐकू येत नाय. पण वास आला. म्हटलं, एष्टीचा ब्रेक जळतोय."

घोरणं. त्याने आवाज आणखी चढवला. सांगू लागला, की त्याने धुक्यातून गाडी पळवली, एष्टीला आडवा गेला, ड्रायव्हर खाली उतरून शिव्या द्यायला लागला. तेव्हा सहदेवने काय केलं, तर बायकोने दिलेली कच्ची भाकरी काढली आणि चाकाच्या ड्रमवर थापली. बघता बघता भाकरी फुगली. एष्टीतल्या पॅसेंजरांनी ती मोडून वाटून खाल्ली, आणि एक म्हातारा म्हणाला, जरा करपलीय. कच्ची भाकरी प्रवासात कोण देतं, हे विचारायलासुद्धा कुणी जागं नव्हतं.

ट्रक पुन्हा थांबल्यासारखा झाला. सहदेवने ब्रेक दाबला. पाय नेहमीपेक्षा खोल गेला.

त्याने आरशात पाहिलं. कोपऱ्यात खैरुनबीने पदराचं टोक घट्ट नाकाला लावलं होतं. डोळे उघडे, थेट आरशावर.

सहदेवने पहिला गियर टाकला. इंजिन ओरडलं. त्याने गाडी डोंगराच्या अंगाला घेतली, आतल्या गटारात दोन चाकं उतरवली, बाजूची माती पत्र्याला घासत गेली आणि गाडी कलती होऊन थांबली. इंजिन बंद झाल्यावर वकिलांचं घोरणं तेवढं ऐकू येत होतं. मागच्या चाकातून निळसर धूर वर येत होता. ट्रक पुढच्या वळणाआड गेला.

सहदेवचे हात हँडलवरून सुटत नव्हते. खैरुनबी सीटांना धरत धरत पुढे आली आणि त्याच्या मागे उभी राहिली. तिच्याकडे न बघता तो हळूच म्हणाला, "मला कवाच वास आलावता, चाची. म्हटलं, तुमी घाबराल. जागा बघत होतो थांबवायला."

म्हातारीने झोपलेल्या मुलाकडे एकदा पाहिलं, मग वाकून, कुणी जागं होणार नाही अशा आवाजात ती म्हणाली, "खोटं बोलतोस, सहदेव. तुला वास येत नाय. बिर्याणीत केवडा नव्हताच. पदर मी धुरासाठी नाय लावला नाकाला. तू आरशात बघशील म्हणून लावला."