आल्तीनचं कडवं

फेरिदेच्या घराच्या ओट्यावरून समुद्र दिसायचा, म्हणून तिने ओट्यावर बसणंच सोडून दिलं होतं. सकाळची कॉफी ती मागल्या दारी, कोंबड्यांच्या खुराड्याकडे तोंड करून प्यायची.

"अगं, लोक व्ल्योरा शहरातून गाड्या भरभरून हा देखावा बघायला येतात," शेजारीण रेस्मिये म्हणायची, "आणि तू कोंबड्यांची तोंडं बघत बसतेस!"

"कोंबडी संध्याकाळी घरी येते, रेस्मिये," फेरिदे म्हणायची. 

फेरिदेचा थोरला, आल्तीन, एकोणिसाव्या वर्षी त्याच समुद्रावरून इटलीला निघाला होता. तेव्हा गावातली निम्मी पोरं रबरी बोटींतून तशीच जात होती. पुष्कळ पोचली. आल्तीनची बोट पोचली नाही आणि परतही आली नाही. आपल्या डोंगरात माणूस परमुलखात गेला आणि देह हाती लागला नाही, तर त्याचे कपडे पलंगावर पसरतात. बायका भोवती बसतात. एकीने शोक उचलायचा आणि बाकीच्यांनी खालून ईसो धरायचा. तो एकच लांब सूर, शब्द नसलेला, ज्याच्या आधाराशिवाय शोक गायचाच नसतो. एकीचा श्वास संपला की दुसरीचा चालू असतो. उचलणारीचं संपेपर्यंत ईसो तुटू द्यायचा नाही, हा धर्म.

आल्तीनसाठीही बायका आल्या होत्या. फेरिदेने त्यांना दारातूनच परत पाठवलं. "कपड्यांवर रडू? कपडे काय मेलेत?"

नवरा वाट बघता बघता गेला. धाकटी मिगेना शाळेत गेली, मग गाणं शिकायला राजधानीत, तिरानाला गेली. आणि एका उन्हाळ्यात इटलीत गवंडीकाम करणारा फेरिदेचा पुतण्या सुटीवर आला तेव्हा बोलता बोलता सांगून गेला, की तिकडच्या किनाऱ्यावरच्या गावांत दफनभूमीच्या कोपऱ्यात काही थडगी असतात. समुद्राने आणून टाकलेल्यांची. वर लाकडी क्रूस, आणि क्रूसावर नाव नाही.

"क्रूस?" रेस्मियेने कपाळाला हात लावला. "आपल्या मुसलमानाच्या पोराच्या डोक्यावर?"

"असू दे," फेरिदे म्हणाली. "सावली तर पडते."

त्या दिवसानंतर तिने चार ओळी जुळवल्या. खुराडं झाडताना, पीठ मळताना त्याच घोळवायची. शोक नव्हता तो. समुद्रापलीकडच्या, पोराला माती देणाऱ्या कुणा अनोळखी माणसासाठी धाडलेला निरोप होता.

नाव माझं आल्तीन, आई माझी फेरिदे,
माती दिली ज्यांनी मला, नाव वरती राहू दे.
हिरव्या स्वेटरच्या कोपराला काळ्या लोकरीचा टाका,
हसलो की दिसतो दात तुटका, एवढ्यावरून ओळखा.

स्वेटर तिनेच विणलेला. कोपर फाटलं तेव्हा घरात हिरवी लोकर होती, पण दिवे गेले होते आणि हाताला काळी लागली. आल्तीन चिडवायचा, "आई, हा टाका चंद्रावरून दिसेल." तो टाका तिकडच्या खड्डा खणणाऱ्याला तरी दिसला असेल, एवढीच तिची आशा होती.

मिगेनाने त्या चार ओळींचं गाणं केलं. पुढेमागे स्वतःची कडवी जोडली, मधोमध आईच्या ओळी, आणि त्यांच्याखाली गावच्या चार म्हाताऱ्यांचा ईसो. डिसेंबरात तिरानाच्या महोत्सवात, मोठ्या वाद्यवृंदासमोर ती ते गायली आणि पहिली आली. आता मे महिन्यात हेच गाणं देशाच्या नावाने साऱ्या युरोपच्या स्पर्धेत जाणार होतं. साऱ्या युरोपच्या, म्हणजे इटलीच्याही घराघरांत.

ती पहिली आली त्या रात्री टेकडीवरच्या तेक्केचे, दरवेशांच्या मठाचे, सेलीम बाबा पांढरी टोपी सावरत फेरिदेकडे मिठाई मागायला आले. बाबांची शिकवण अशी, की सांगता सांगता ते कधी गायला लागले हे ऐकणाऱ्याला कळत नसे. लोक त्यांच्याकडे पापपुण्य ऐकायला जात आणि डोळे पुसत घरी येत. "पोरी," ते फेरिदेला म्हणाले, "बोललेला शब्द दारापर्यंत जातो. गायलेला पाण्यावरून चालत जातो."

फेरिदेने ते शब्द गाठीशी बांधले. दुसऱ्या दिवशी, इतक्या वर्षांनी, तिने कॉफी ओट्यावर घेतली.

मार्चमध्ये मिगेना घरी आली ती खाली मान घालून. भरल्या पोळीचा, बुरेकचा तुकडा हातात तसाच राहिला.

"आई, तीन मिनिटं. गाणं तीन मिनिटांचंच लागतं. वर एक श्वासही चालत नाही. नियम आहे."

"मग काप की थोडं. प्रेमाचं कडवं काप. प्रेम काय, सगळ्यांच्याच गाण्यात असतं."

"आणि इंग्रजीत करायचंय. स्वीडनहून माणूस आणलाय त्यासाठी. तो म्हणतो, मधलं कडवं फार… घरगुती आहे."

"घरगुती!" चुलीपाशी बसलेली रेस्मिये उसळली. "बुडालेलं पोर काय चौकातलं असतं?"

"मावशी, मी भांडले. तीन दिवस भांडले."

"गाणं तुझंच आहे ना गं?" फेरिदेने विचारलं.

"माझं होतं आई. आता देशाचं आहे."

 फेरिदेने लेकीच्या हातातला बुरेक काढून गरम तुकडा दिला. "खा. वाळलीस."

स्पर्धेच्या आठवडाभर आधी मिगेनाचा परदेशातून फोन आला. आवाज दबका, जणू न्हाणीघरात लपून बोलत होती.

"आई, ऐक. कडवं गेलं, पण त्याच्याखालचा ईसो त्यांनी ठेवलाय. त्यांना तो आवडला, जुनापुराणा वाटतो म्हणे. तेवढा वेळ मला नुसतं उभं राहायचंय, मागे जाळ उडणार आहे. तिथे मी गाईन. दोन ओळी बसतात, मी मोजून बघितलंय."

"ते थांबतील का तुझ्यासाठी?"

"कोण थांबणार? वाजवणारं कुणी नसतंच इथे. सगळं आधीच भरून ठेवलेलं. मी थांबले तरी ते थांबत नाही. म्हणून दोनच ओळी. आमची माणसं म्हणतात, ठरल्याबाहेर एक शब्द गायलीस तर देशालाच बाहेर काढतील. काढू देत. मी गाईन आई. आल्तीनची शपथ."

"त्याची शपथ घालू नकोस."

"तू सांग, कुठल्या दोन?"

या प्रश्नाचं उत्तर द्यायला फेरिदेला दोन दिवस लागले. पहिल्यांदा वाटलं, नाव आणि आईचं नाव. पण ज्याने माती दिली त्याला नाव कुठे ठाऊक होतं? त्याने बघितला असेल तो स्वेटर, आणि तोंड उघडं असेल तर दात. मग नुसता स्वेटर सांगावा? पण मग थडग्यावर लिहायचं काय? पोराच्या अंगावरची एकेक खूण काढून बाजूला ठेवावी तसं तिला वाटत होतं. शेवटी तिने दात सोडला. त्याचं हसू सोडलं. फोनवर म्हणाली, "पहिली ओळ नावाची. दुसरी स्वेटरची. माझं नाव नको घेऊस, वेळ जाईल."

स्पर्धेच्या उपांत्य फेरीच्या संध्याकाळी तिचं घर भरलं. बायका घरून खुर्च्या घेऊन आल्या. सेलीम बाबांना टीव्हीसमोरची जागा दिली, कारण त्यांना कमी दिसायचं. रेस्मिये प्रत्येक देशाला नावं ठेवत होती. "हा बघा, दाढी एवढी आणि पॅन्ट नाही!" "ही गातेय की हिला कुणी चावलंय?" बाबा हसून म्हणाले, "रेस्मिये, देवाने त्यालाही गळा दिलाय." "दिलाय बाबा, पण वापरायला सांगायचा राहिलाय." सगळं घर हसलं. फेरिदेही हसली. 

मग आपल्या देशाचं नाव आलं. मिगेना चंदेरी पोशाखात उभी, केस ओले केल्यासारखे, मागे भिंतीएवढा जाळ.

"समुद्राचं गाणं होतं ना?" रेस्मिये पुटपुटली. "आग कुठून लागली?"

"गप गं."

मिगेना इंग्रजीत गात होती. "फायर, फायर" एवढंच बायकांना कळत होतं. आवाज तिचाच होता, आणि चांगला लागला होता. ढोल वाजत होते. आणि एकाएकी ढोल थांबले. गावच्या चार म्हाताऱ्यांचा सूर टीव्हीतून आला, खालून, जमिनीतून यावा तसा.

खोलीतल्या बायकांनी ठरवलं नव्हतं काही. पण ईसो ऐकला की आपल्या बाईचा गळा आपोआप उघडतो. एकीने धरला, दुसरीने धरला, बाबांनी डोळे मिटून धरला. सगळी खोली एका सुरात उभी राहिली, नुसती उचलणारीची वाट बघत.

पडद्यावर मिगेनाने माईक तोंडाशी नेला. ओठ उघडले. फेरिदेला लेकीचा गळा दिसला, गळ्यातली शीर दिसली. ती शीर हलली. शब्द आला नाही. मिगेनाचे डोळे थेट या खोलीत बघत होते, अंधारात पायरी चुकलेल्या माणसासारखे. जाळ उडाला, लोकांनी आरोळी ठोकली, आणि ढोल परत सुरू झाले. "फायर," मिगेना गायली.

खोलीतला ईसो तरी तसाच चालू होता. धर्म होता ना, तुटू द्यायचा नाही. बाबांनी हात वर केला तेव्हा बायका थांबल्या.

पुढे मतं झाली. आपल्याला आपल्याच देशाला मत देता येत नाही, हे रेस्मियेला तेव्हा कळलं आणि तिने त्या नियमाच्या सात पिढ्या उद्धरल्या. पुढे जाणाऱ्या देशांची नावं एकेक करून वाचली. फेरिदे शेवटच्या नावापर्यंत ऐकत होती. अंतिम फेरीत तो ईसो पुन्हा एकदा वाजेल, पोरीला पुन्हा एकदा धीर होईल, एवढं तिच्या मनात होतं. आपलं नाव आलं नाही.

फोन आला तेव्हा मिगेनाला बोलता येत नव्हतं. "आई, मी तोंड उघडलं होतं."

"दिसलं गं."

"मागे सगळी माणसं आठवली… देशाला काढतील… तेवढ्यात गेलं. थांबलं नाही ते."

"तूच म्हणाली होतीस, थांबत नाही म्हणून. जेवलीस का?"

"नाही."

"जेव आधी. जा."

बायका खुर्च्या उचलून गेल्या. बाबा मागे राहिले. दारात उभं राहून म्हणाले, "फेरिदे, न गायलेलंही देवाला ऐकू जातं."

"बाबा," फेरिदे म्हणाली, "देवाला काय सांगायचं? तो कुठे आहे हे देवाला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. ठाऊक नाही ते मला."

आयुष्यभर शेकडो लोकांना गाऊन समजावत आलेले बाबा. त्यांनी तिचा हात दोन्ही हातांत धरला, कपाळाला लावला, आणि काठी टेकत टेकडी चढून गेले. त्या रात्री तेक्केतून गाण्याचा आवाज आला नाही.

सकाळी फेरिदे रेस्मियेच्या दारात उभी होती.

"बायकांना बोलाव. आल्तीनचे कपडे पसरते."

रेस्मिये हातातलं काम टाकून निघाली.

कपडे फारसे नव्हतेच. स्वेटर तो घालूनच गेला होता. एक पांढरा शर्ट होता, मामाच्या लग्नातला, आणि एक विजार. रेस्मियेने शर्ट पलंगावर पसरला, बाह्या सरळ केल्या, गळ्याचं बटण लावलं. बायका भोवती बसल्या. ईसो सुरू झाला.

फेरिदेने पहिली ओळ उचलली. "नाव माझं आल्तीन…" आणि ती थबकली. सूर भलताच आला होता. तिचा नव्हता तो, स्वीडनच्या माणसाचा होता. ओळीच्या टोकाला ढोलाची उडी. तिने डोळे मिटले, खुराड्यापाशी बसून घोळवलेला जुना सूर शोधला. पुन्हा उचललं. पुन्हा तोच. तिच्या ओळी गाण्याबरोबर गेल्या होत्या, आणि गाणं त्यांना वाटेत कुठेतरी टाकून पुढे निघून गेलं होतं.

ती शर्टाकडे बघत बसली. बायका ईसो धरून होत्या. एकीचा श्वास संपे, दुसरीचा चालू राही. कुणी एकमेकीकडे बघत नव्हतं. कितीतरी वेळ तो सूर खोलीत उभा होता आणि त्याच्यावर काही उभं राहत नव्हतं. मग म्हाताऱ्या दमल्या. एक गळाली, दुसरी गळाली. शेवटी एकट्या रेस्मियेचा घोगरा आवाज राहिला, आणि श्वास घ्यायला ती थांबली तेव्हा मागे धरणारं कुणी नव्हतं.

कोंबड्यांचा आवाज येऊ लागला.

रेस्मिये शर्टाची घडी घालायला लागली. "कपाटात ठेवू?"

"नको," फेरिदे म्हणाली. शोक झाल्यावर कपडे घरात ठेवत नाहीत. "तुझ्या पुतण्याला होतो का बघ."

"बाह्या लांब होतील गं त्याला."

"दुमडून घालेल," फेरिदे म्हणाली, आणि कॉफी घेऊन मागल्या दारी गेली.