पोवळ्याचा नमस्कार

आईशप्पथ सांगते, यातला शब्द न् शब्द खरा आहे. खोटं निघालं तर माझी कवळी तुमची!

त्या दिवशी आमच्या बैठकीच्या खोलीत मुंगी शिरायला जागा नव्हती. शेजारीपाजारी सोफ्याच्या हातांवरसुद्धा बसलेले. सगळ्यांचे डोळे काचेच्या पेटीवर. नातवाने हौसेने घरात समुद्र पाळलाय. खारं पाणी, रंगीत मासे आणि मधोमध तपकिरी पोवळं. दगड नव्हे हं, जिवंत प्राणी! त्याच्या लग्नानंतर थोड्याच दिवसांत ते पांढरंफटक पडलं आणि माझ्या सुनेने निदान करून टाकलं, "नव्या मुलीचा पायगुण!"

"आई, दिवा फार प्रखर आहे हो," नातसून बिचारी पहिल्यापासून सांगत होती. लग्नाच्या पाहुण्यांपुढे मिरवायला नातवानेच पेटीवर नवा भलाथोरला दिवा टांगला होता. पण पायगुण मिळाल्यावर दिव्याला कोण विचारतंय?

मग आले समुद्रबाबा, सुनेनेच शोधून आणलेले. रोज यायचे, तांब्याभर तीर्थ पेटीत ओतायचे आणि डोळे फिरवून ओरडायचे, "खळाळ खळाळ! ऊठ सागरकन्ये!" जरा वेळाने पोवळ्याच्या अंगातून बारीक बारीक बोटं बाहेर यायची, वळवळायची. "नमस्कार करतंय!" म्हणून सून हात जोडायची. पाणी मात्र रोज जास्त गढूळ.

आदल्या दिवशी बाबांनी निकाल दिला. "दोष घरात आहे तोवर रंग येणार नाही. मुलीला माहेरी पाठवा."

म्हणून ही गर्दी. नातसुनेची बॅग दाराशी. नातू येरझारा घालतोय. मी उठतेय, बसतेय.

बाबांनी तांब्या खाली ठेवला मात्र, आमचं मांजर धावलं आणि आत तोंड घालून लपालपा प्यायला लागलं.

"शुक शुक! तीर्थ बाटवलंस!" बाबा ओरडले.

दुधाला नाक मुरडणारं मांजर पाण्यावर का तुटून पडावं? मी तांब्या उचलला, हुंगला.

"बाबा, हे कुठल्या समुद्राचं?"

"सातही समुद्रांचं, आजी!"

"मग ही कोळंबी आठव्यातली का?"

मी तडक स्वयंपाकघरात गेले, एक कोळंबी ठेचली, वाटीभर पाण्यात पिळली आणि त्यातलं चमचाभर पेटीत सोडलं. मंत्र माझा. "कांदे, बटाटे, साबण, काडेपेटी!"

सगळे काचेला चिकटले. आणि आली की हो बोटं बाहेर!

"नमस्कार नाही तो," नातसून पुढे झाली. "त्याला खाण्याचा वास लागतो, म्हणून हात पसरतंय. त्याच्या अंगात बारीक शेवाळ राहतं, तेच त्याला रंग देतं, तेच पोसतं. प्रखर दिव्याने ते निघून गेलं. पोवळं मेलेलं नाही, उपाशी आहे. त्यात रोज तांब्याभर कोळंबीचा रस ओतून पाणी नासवलंत."

सगळे वळून बघतात तर बाबा गायब! तांब्यासुद्धा सोडून गेले.

नातवाने मान खाली घालून दिवा उंच टांगला, मंद केला. पाणी थोडं थोडं बदललं, मिठाचं प्रमाण मोजून. सगळ्यात अवघड पथ्य म्हणजे पेटीत सारखा हात न घालणं. सुनेला तर दम निघेना. दर घटकेला काचेला नाक. "अजून कसं नाही? अजून कसं नाही?"

पुष्कळ आठवड्यांनी तिचीच किंकाळी आली. "अगं ए, धाव! बुडाशी तपकिरी दिसतंय!" नातसून धावली. दोघी गालाला गाल लावून बघत बसल्या. त्या दुपारी सुनेने ती बॅग स्वतः माळ्यावर टाकली.

तेव्हा बाबांनो, चमत्कार दिसला तर हात जोडण्याआधी विचारा, आत काय ओतलं? आणि घरात दुखणं आलं तर माणसाला दोष देण्याआधी बघा, त्याच सुमारास आणखी काय आलं होतं?

बरं, आता कवळी वाचवायची तर एक कबूल करते. आमच्याकडे मांजर कधी नव्हतंच. तांब्यात नाक मीच खुपसलं होतं. पण बघा, एकानेही विचारलं नाही मला, "आजी, घरात उघडी माशांची पेटी, आणि मांजर कसं पाळलंत?"