वाटीसकट तीस ग्रॅम

वजनमापे खात्यात उभी हयात घालवलेल्या माणसाला घरची कॉफी मोजता येऊ नये, याला काय म्हणायचं? निवृत्त निरीक्षकसाहेबांनी स्वतःलाच विचारून पाहिलं. उत्तर सुचलं, ते चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतं.

बायकोचं मनगट मोडल्यापासून सकाळची कॉफी साहेबांच्या गळ्यात पडली होती. मुलीने दिलेलं कॉफी गाळायचं भांडं, फ्रेंच प्रेस, कपाटातून बाहेर निघालं. अर्धा लिटर गरम पाणी, तीस ग्रॅम कॉफी, चार मिनिटं थांबायचं आणि दांडा हळूच खाली दाबायचा. साहेब सगळं काट्यावर तोलत. तरी कॉफी अशी उतरे की कपाचा तळ दिसावा. बायको दोन घोट घ्यायची, "छान झालीये" म्हणायची आणि उरलेली कॉफी खिडकीतल्या कुंडीला जायची. कुंडीतलं रोप मात्र बाळसं धरत होतं.

उद्या तिचं प्लास्टर निघणार होतं. मग स्वयंपाकघर पुन्हा तिच्या ताब्यात. त्याआधी तिने आपल्या हातचा एक तरी कप संपवावा, एवढंच साहेबांना हवं होतं. इतक्या वर्षांत त्यांनी तिला साधा पाण्याचा पेला दिला नव्हता, आणि ते आता टोचत होतं.

पण नाचता येईना अंगण वाकडं. त्यांनी खापर कॉफीवाल्या दुकानदारावर फोडलं. भेसळ, दुसरं काय! त्याला पकडायला निघण्याआधी, आपण पुरेपूर तीस ग्रॅम घालतो हे त्याला कसं तोलून दाखवायचं, याची त्यांनी टेबलावर तालीम केली. नेहमीची प्लास्टिकची वाटी रिकामीच काट्यावर ठेवली.

काट्याने वीस ग्रॅम दाखवले.

साहेबांनी वाटी उचलून पुन्हा ठेवली; पुन्हा वीसच. वाटी ठेवून काटा शून्यावर आणायचं बटण त्यांनी एकदाही दाबलं नव्हतं. तिसातले वीस ग्रॅम रोज वाटीचेच होते. खोक्यासकट मिठाई तोलणाऱ्या किती दुकानदारांना त्यांनी भर बाजारात फैलावर घेतलं होतं.

"मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं," दारातून बायको म्हणाली.

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुम्ही कॉफी करायचंच सोडलं असतं."

साहेबांना वाईट वाटलं, कारण ते खरं होतं. त्यांनी वाटी ठेवून बटण दाबलं आणि मग कॉफी तोलली. या वेळी ती काळीभोर उतरली. बायकोने पहिल्या घोटाला तोंड वाकडं केलं, पण कप खाली ठेवला नाही.

"आता दंड," कप रिकामा करून ती म्हणाली. "प्लास्टर निघालं तरी सकाळची कॉफी तुमच्याकडेच."

दंडाविरुद्ध अपील करायची सोय असते, हे साहेबांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी केलं नाही.