गजपतीचा शेवटचा हत्ती

मित्रांनो, मी एक म्हातारा हत्ती आहे. लहानपणी मला खड्ड्यात पाडून धरलं. मला वर ओढायला आईनं सोंड आत घातली, तेव्हा तिला भाल्यांनी भोसकलं.

हे सगळं कशासाठी, तर एका पदवीसाठी. आमच्या धन्याला नुसतं राजा म्हणवून घेणं कमीपणाचं वाटे. शेजारचा राजा अश्वपती, म्हणजे घोड्यांचा धनी. मग यालाही गजपती व्हायचं होतं, हत्तींचा धनी. हौसेला मोल नसतं म्हणतात. असतं, आम्ही ते चुकवलं. जंगल रिकामं झालं, हत्तीखाना भरला आणि चोपदार रोज ‘गजपती’ अशी ललकारी देऊ लागला.

माझा माहूत मायाळू होता. मी कधी त्याचा मार खाल्ला नाही. कानामागे अंगठा दाबला की पाय उचलायचा, दोन्ही टाचा मारल्या की खाली आणायचा, हे त्यानंच शिकवलं. त्या पायाखाली राजाचे कैदी मेले. खोटं कशाला बोलू?

पुढे युद्ध झालं. शत्रूनं जळते पलिते फेकले. आमचा कळप बिथरला आणि आपल्याच सैन्याला तुडवत सुटला. परत आलो मी एकटा. ललकारी मात्र तीच राहिली.

माझ्या जखमा धुताना माहूत धाकट्या भावाला म्हणाला, “एका हत्तीचा कसला गजपती? उद्या हा मेला तर महाराज मलाच झूल घालतील.” दोघं पोट धरून हसले. पण भिंतीला कान असतात.

दुसऱ्या दिवशी माहुताला बांधून माझ्यापुढे टाकलं आणि धाकट्याला माझ्या मानेवर बसवलं. धाकानं त्यानं अंगठा दाबला. मी पाय उचलला. टाचा मात्र त्यानं मारल्या नाहीत.

“दादा, माझ्याच्यानं नाही होत.”

“नको करूस,” माहूत म्हणाला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, “तूही थांब, बाळा.”

मी पाय वरच धरून ठेवला. राजानं खूण केली. शिपायानं धाकट्याच्या मांडीत भाला खुपसला. तो कळवळला आणि त्याच्या दोन्ही टाचा माझ्या मानेत रुतल्या.

मी शिकलो होतो तेच केलं.

त्यानंतर अंकुशानं कान फाटले, तरी कुणाच्या हुकमानं मी तो पाय उचलला नाही. तो राजा गेला. आता त्याचा मुलगा गजपती म्हणवतो. धाकटा लंगडत येऊन मला पाणी पाजतो, बोलत मात्र नाही.

मित्रांनो, मुक्या जिवाला जरूर माया लावा. पण त्याला काही शिकवाल, तर कधी ऐकायचं नाही, तेही शिकवा.