न मोजलेले ट्रक

मी मोजणीचा काउंटर बोलतोय, पण ताठ मानेनं नाही. मुठीत मावणारं माझं लोखंडी अंग, वर एक खटका आणि काचेआड चार आकडे. खटका दाबला की आकडा एकानं पुढं सरकतो. समोरून खरंच काही गेलं का, हे मला विचारता येत नाही.

दोन वर्षांपूर्वी मालवाहतुकीसाठी सरकारचा निधी आला होता. हमरस्त्यालगत ट्रक थांबे बांधायचे होते. गाड्या लावायला आवार, ड्रायव्हरांसाठी संडास, अंघोळीची सोय, टेकायला शेड. अट एकच होती. ज्या ठिकाणी दिवसाला सरासरी दीड हजारावर मालगाड्या जातील, तिथंच थांबा मिळणार. खालापूरकडच्या एका तिठ्यावर सात दिवस मोजणी ठरली, आणि एका एजन्सीनं मला अक्षदाच्या हातात दिलं.

अक्षदा भिसेगावची. बी.कॉम. झालेली, कंत्राटावर मिळेल ते काम करणारी. सकाळी आठ ते रात्री आठ ती जानकीबाईंच्या चहाच्या टपरीपुढं बसायची. जानकीबाई आणि त्यांचे यजमान पांडू दोघं मिळून टपरी चालवत. मुंबईकडं अवजड गाड्यांना बंदीची वेळ झाली की ट्रक रस्त्याच्या कडेलाच दुहेरी रांगेत उभे राहत, आणि पांडूकाका त्यांच्यामधून चहाची किटली घेऊन फिरत.

"डायवर लोकांना उतरायला जागाच नाय गं," जानकीबाई म्हणायच्या. "तू नीट मोज म्हंजे झालं."

रविवार ते बुधवार अक्षदानं नीट मोजलं. जेवतानाही तिचा अंगठा माझ्यावर असायचा. तेव्हा मला माझा अभिमान वाटायचा, हे कबूल करतो.

गुरुवारी तिला पनवेलला कायमच्या नोकरीची मुलाखत आली. तिनं सुपरवायझर जितेशला बदली माणूस मागितला. माणूस नव्हता. तो म्हणाला, "रविवारचाच आकडा थोडा वरखाली करून टाक. वर कोण बघतंय?" शुक्रवारी पुन्हा बोलावणं आलं. पुन्हा तेच.

प्रत्येक दिवसाच्या माझ्या आकड्याचा फोटो पाठवावा लागे, आणि दोन दिवसांचे राहिले होते. म्हणून ती शनिवारी पहाटे, मोजणीला जाण्याआधी, घराच्या ओट्यावर बसली आणि मला दाबत राहिली. समोर फक्त तुळस होती आणि वाळत घातलेले कपडे. रविवारी गाड्या कमी होत्या, त्या आकड्याला धरून अकराशेच्या वर वेळा दाबलं. फोटो काढला, शून्यावर आणलं आणि शुक्रवारसाठी पुन्हा तेवढंच. तिचा अंगठा सुजला. मी एकदाही अडकलो नाही. अडकायला हवं होतं.

नोकरी तिला लागली. मला परत न्यायला कुणी आलंच नाही. मी तिच्या कपाटात राहिलो. काही महिन्यांनी थांब्यांची यादी लागली. आमचा तिठा त्यात नव्हता. सरासरी शंभरेकानं कमी पडली होती.

यंदा मार्चमध्ये अक्षदा सुट्टीच्या दिवशी त्या वाटेनं जाताना टपरीवर उतरली. त्या वाटेनं जायचं म्हणून तिनं मला कपाटातून काढून पर्समध्ये घेतलं होतं. पांडूकाका दिसले नाहीत. जानकीबाईंनी सांगितलं, उभ्या ट्रकांमधून बाहेर पडताना टेंपोनं उडवलं. डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला.

"तू येवढी उन्हात बसलीस, तरी थांबा नाय झाला," त्या म्हणाल्या. "तुजा काय दोष?"

अक्षदाच्या हातातला चहा तसाच राहिला. "मावशी, गुरुवार-शुक्रवार मी आलेच नव्हते. घरी बसून आकडे भरले."

जानकीबाईंनी शेगडी बंद केली. मग म्हणाल्या, "तेच दोन दिस जास्ती गाड्या येतात. माज्याकडं बोलून काय हुनार? ज्यांना खोटं सांगितलंस, त्यांना जाऊन सांग."

अक्षदा गेली. मोजणीचे कागद ज्या कार्यालयात होते, तिथल्या साहेबांपुढं तिनं लेखी कबुली ठेवली आणि शेजारी मला ठेवलं. साहेबांनी अर्ज दोनदा वाचला. म्हणाले, हा निधी वाटून झालाय, तो काही परत येणार नाही. तुमच्यावर कारवाईही होऊ शकते. तरी त्यांनी अर्जावर शेरा मारला: पुढच्या आराखड्यापूर्वी फेरमोजणी घ्यावी. कारवाई होईल की नाही, अजून ठरलेलं नाही. अक्षदा दर महिन्याला येऊन चौकशी करते.

मी आता त्या फायलीला नाडीनं बांधलेला आहे. येणारा-जाणारा कारकून गंमत म्हणून माझा खटका दाबतो आणि आकडा वाढतो. दर वेळी मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

परवा अक्षदा साहेबांना सांगत होती, पांडूकाका कुबडी घेऊन पुन्हा टपरीवर यायला लागलेत. फेरमोजणीला येणाऱ्या माणसासाठी त्यांनी रस्त्याकडं तोंड करून एक बाकडं मांडून ठेवलंय, वर पत्र्याची सावली केलीय. त्या बाकड्यावर जो कुणी बसेल, त्यानं शेवटचा ट्रक जाईपर्यंत उठू नये. माझं एवढंच मागणं आहे.