रामकृष्णांचे बिनलेसचे बूट

ओमानमधल्या सोहारच्या पोलाद कारखान्यात सव्वीस वर्षं काढल्यामुळे रामकृष्ण भुवडांचा जगात एकाच पादत्राणावर विश्वास उरला होता : लोखंडी टोपीचा, घोट्यापर्यंत लेस आवळायचा सेफ्टी बूट. पण जानेवारीत उजवा गुडघा बदलला, तेव्हा डॉक्टरांनी बजावलं होतं, "एकदा पडलात की खलास." आणि ओसाकाचं तिकीट होतं चौदा जूनचं. नातवाला त्यांनी अजून फक्त फोनच्या काचेतून पाहिलं होतं.

लेकीनं, ज्ञानदानं, तिकडून अटी कळवल्या. "बाबा, जूनमध्ये इथे रोज पाऊस. बुटात पाणी जाता कामा नये, पाय घसरता कामा नये. आणि इथे दारात बूट काढावे लागतात. पाच सेकंदांत निघाले पाहिजेत."

बायकोनं, मैनाताईंनी, मोबाइलवर सेफ्टी बूट काढायची वेळ मोजली. "एक मिनिट पन्नास सेकंद. अहो, तोवर यजमान जेवून हात धुतील!"

मग करड्या रंगाचे, बिनलेसचे, रबरी बूट आले. ते दोन सेकंदांत निघत. अर्धा तास बादलीत उभं राहून पाण्याचाही निकाल लागला. राहिली घसरण. पण मे महिन्याच्या ओमानात ओली फरशी आणायची कुठून? पावसाची वाट पाहिली असती तर नातू लग्नाचा झाला असता.

म्हणून शुक्रवारी सकाळी रामकृष्ण बरक्याच्या मासळीबाजाराला निघाले. दाभोळचे हुसैनमियाँ त्यांचे जुने दोस्त. मासे कापून द्यायची त्यांची शेड तिथे होती. शेडमध्ये दोन टेबलं, दोन कापणारे, साकिब आणि हमझा. एकमेकांचे साडू. दोन वर्षं बोलणं बंद. आणि दोघांत मिळून पाण्याचा पाइप एकच.

खवले आणि आतडी तुडवत रामकृष्णांनी दोन फेऱ्या मारल्या. "फरशी जरा कोरडी वाटते," ते इन्स्पेक्टरच्या सुरात म्हणाले. "हमझा, इथे पाणी मार रे जरा."

हमझानं साकिबच्या टेबलावरून पाइप ओढला.

"पाइप ठेव," साकिब म्हणाला. दोन वर्षांतले हे पहिले शब्द.

"काका मागतायत."

"काकांच्या पायांसाठी माझं गिऱ्हाईक थांबंल काय? बायकोला विचारून घे. तुझ्या घरात तीच ठरवते ना?"

हमझानं पाइप नीट खाली ठेवला. मग बर्फातला हातभर ट्यूना शेपटीला धरून उचलला आणि साकिबच्या तोंडावर हाणला. कारखान्यात बेअरिंग फुटावं तसा नाकाचा आवाज झाला. साकिबनं बाहीनं रक्त पुसलं, सुरी उचलली. पहिल्याच वारात हमझाचा डावा कान तुटक्या बटनासारखा लोंबू लागला. हमझानं त्याचे केस धरून डोकं वजनकाट्यावर आपटलं. काट्यानं चार किलो दोनशे दाखवलं. हुसैनमियाँ मध्ये पडले, तर त्यांचा तळहात अंगठ्यापासून करंगळीपर्यंत उघडला. मग दोघे साडू घसरून खाली, एकमेकांचा गळा धरून.

पाइप वाहतच होता. त्या पाण्यातून माशांचं आणि माणसांचं रक्त रामकृष्णांच्या तळव्यांखालून चाललं होतं. बूट तसूभरही सरकले नाहीत, हे त्यांच्या लक्षात आलं, आणि ते लक्षात आल्याची लाजही वाटली.

साकिब आता हमझाच्या छातीवर बसला होता. सुरी वर गेली.

"रामकृष्णभाऊ, धरा त्याला!" हुसैनमियाँ ओरडले.

मध्ये चार पावलं चिकट फरशी. एकदा पडलात की खलास. रामकृष्णांना काचेतल्या नातवाचे दोन दात दिसले. मग हेही आठवलं, की पाणी आपणच मागितलं.

"यल्ला, चल," ते स्वतःला म्हणाले.

चार पावलं गेली. नव्या गुडघ्यावर एका पायानं उभं राहून त्यांनी डावा बूट काढला आणि साकिबच्या मनगटावर घणासारखा हाणला. सुरी उडाली. मग त्यांनी दोघांना आणखी एकेक दिला. हमझाला शाबूत कानाखाली.

"पाण्यासाठी? पाण्यासाठी रे, मेल्यांनो?"

दवाखान्यात साडवांच्या बायका आल्या. दोघी सख्ख्या बहिणी. सगळ्यांना बाहेर काढून त्यांनी दहा मिनिटं दार लावून घेतलं. दार उघडल्यावर दोघांचा जबाब शब्दशः एक होता. नाक? घसरलो. कान? घसरलो. हुसैनमियाँ पट्टीतला हात वर करून म्हणाले, मीही.

पोलिसानं पिशवीतला करडा बूट बराच वेळ निरखला. "आणि हा?"

"हा नाही घसरला," रामकृष्ण म्हणाले. शपथेवर सांगण्याजोगं तेवढंच होतं.

बूट परत मिळाला. बाकावर मैनाताई वाट पाहत होत्या. "काढायला किती वेळ लागला?"

"मोजला नाही. पाणी मीच मागितलं होतं गं."

पिशवीतला बूट हुंगून मैनाताईंनी तोंड फिरवलं.

एवढ्यात नाकात बोळे घातलेला साकिब जवळ आला. "काका, हे बूट खयसून घेतलेत? मलाही एक जोड आणा." त्यानं मागे वळून हमझाकडं पाहिलं. "त्याला नको."