देवीला रोवळीखालचं दिसेना

मळणी अर्धी टाकून नंदिगड्डा गावची माणसं देवळात उतरलेल्या धुनीबाबापुढे बसली होती. बाबाचा मंत्र सोपा होता. निजताना तीनदा म्हणायचं, ‘मी स्वप्नात जागा राहीन, देवीला विचारीन.’ मग देवी रोगावरचं औषध दाखवते. रोज सकाळी पाचसहा जण शपथेवर सांगत, देवीनं कडू कांदा, म्हणजे रानवेलीचा कंद दिला. बाबा डोळे मिटून मान हलवी आणि कोंबडीच्या रश्श्याची वाट बघे.

गिरजालाही कांदाच दिसला. हे स्वप्न आहे, हे तिला स्वप्नातच कळलं, म्हणून तर ती बाबाच्या पुरती नादी लागली. तिची लेक फुला दिवसाआड हिवतापानं थरथरत होती. शाळेच्या रामचंद्र मास्तरांनी दिलेली हिवतापावरच्या कोयनेलाची पुडी बाबाच्या हुकमानं फळीवर पडली होती. उद्या पोरीला कांदा कच्चा किसून द्यायचा होता.

“कच्चा?” मास्तरांनी विचारलं. “तुम्ही तर तो खाण्याआधी उकडून वाहत्या ओढ्यात ठेवता ना?”

“व्हय. न्हाईतर घसा जळतो, वांती हुती. पन देवीनं दिलेला बाधत न्हाई म्हनं.”

मास्तरांनी वाद घातला नाही. त्या संध्याकाळी त्यांनी देवळात तांदूळ धुवायची एक रोवळी पालथी घातली आणि म्हाताऱ्या बायजाला राखणीला बसवलं. “हिच्याखाली काय आहे, ते देवीला विचारा. बाबांनीही विचारावं.”

सकाळी त्यांनी एकेकाला बाजूला घेतलं. शिकारी येसाजीनं सांबराचं शिंग सांगितलं, शेजारच्या लाडूनं नारळ.

गिरजा म्हणाली, “म्या सपनात रोवळी उचलली. खाली कांदाच हुता.”

“देवी परीक्षा देत नसते,” आपली पाळी येताच बाबा गुरगुरला.

मास्तरांनी सगळ्यांसमोर रोवळी उचलली. खाली त्यांचीच फाटकी वहाण होती.

“ठरवून निजलं तर स्वप्नात जाग येते, हे खरं,” मास्तर म्हणाले. “पण स्वप्नाला आपल्याहून जास्त ठाऊक नसतं. बाबा रोज संध्याकाळी पानावर कांदा मांडून दाखवतो, तोच तुम्हाला दिसतो.”

गिरजानं कालचं ते पान उचलून बाबापुढे धरलं. “देवीचा हाय न्हवं? मग कच्चा खावा.”

“आज माझा उपास आहे,” बाबानं पान दूर सारलं.

म्हणजे त्या मेल्याला सारं ठाऊक होतं. गिरजा संतापानं तडक घरी गेली आणि तिनं फुलाला कोयनेल पाजलं.

वाचकहो, देवाच्या नावानं कुणी औषध दिलं, तर पहिला घास त्यालाच घ्यायला सांगा.